दोन जग सांग्रिया

व्हॅलेन्सियात जून महिन्यात रात्री साडेनऊलाही उजेड असतो. पहिल्या दिवशी संध्याकाळचा दिवा लावायचा कधी, हेच आईला कळेना. तीनदा खिडकीतून डोकावली, शेवटी घड्याळावर विश्वास ठेवून तिने ताईच्या मायक्रोवेव्हवर निरांजन लावलं. "हे लोक जेवतात तरी कधी?" तिने विचारलं. "आम्ही दहाला जेवतो," ताई सहज म्हणाली. तो 'आम्ही' आईने ऐकला. मीही ऐकला.

ताई चार वर्षांपूर्वी इंदूरहून स्पेनला शिकायला गेली आणि नोकरी लागल्यावर तिथेच राहिली. गेल्या जूनमध्ये मी आणि आई दोन आठवड्यांसाठी तिच्याकडे गेलो. माद्रिद आणि बार्सिलोना ही नावं सगळ्यांना माहीत असतात. भूमध्य समुद्राकाठचं व्हॅलेन्सिया मात्र आपल्याकडे संत्र्यांसाठी किंवा फुटबॉलवेड्यांनाच ठाऊक. मला विचाराल तर आईवडिलांना घेऊन जायला हेच शहर बरं. सपाट आहे, फार मोठं नाही, विमानतळावरून मेट्रोने थेट गावात येता येतं, आणि थकलं की बसायला नदी आहे.

म्हणजे नदी नाही, नदीची जागा. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तुरिया नदीला मोठा पूर आला आणि शहर बुडालं. त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. रिकाम्या पात्रातून मोठा रस्ता काढायचा बेत होता, पण लोक अडून बसले आणि तिथे बाग झाली. आज नऊ-एक किलोमीटर लांबीच्या त्या बागेत जुन्या दगडी पुलांखालून माणसं सायकली चालवतात, मुलं फुटबॉल खेळतात. आईला ती बाग फार आवडली. रोज सकाळी चालायला जायची आणि परत आल्यावर न चुकता म्हणायची, "आपल्या खान नदीचं असं काहीतरी करायला हवं होतं."

ताईची घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहायची. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. व्हॅलेन्सियन भाषेत आजीला 'याया' म्हणतात, आणि सगळी इमारत तिला यायाच म्हणायची. पहिल्या दिवशी ताईने जिन्यात हाक मारली, "याया!" आईला वाटलं, कुणालातरी घरात बोलावते आहे. तीही हसून म्हणाली, "या, या." म्हातारीला वाटलं, ही पाहुणी आल्या आल्या आपली भाषा शिकली! तिने आईचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. पुढचे दोन आठवडे दोघी कुठल्याही सामाईक भाषेशिवाय अखंड बोलत होत्या.

२३ जूनची रात्र ही तिथे सान हुआनची रात्र. समुद्रकिनाऱ्यावर शेकोट्या पेटतात, लोक त्यावरून उड्या मारतात, मध्यरात्री समुद्रात पाय बुडवून लाटा ओलांडतात. आपली होळी समुद्रावर नेऊन ठेवावी तसं. त्याआधी यायाच्या गच्चीवर जेवण ठरलं होतं: ताईचे ऑफिसमधले सात-आठ जण, यायाची मुलगी आणि दोन नातवंडं, आणि आम्ही. "प्यायला काय करायचं ते माझ्याकडे," ताईने यायाला सांगून ठेवलं होतं. आईला मात्र एवढंच सांगितलं होतं की फळं घालून काहीतरी करायचंय. आईच्या डोळ्यांसमोर इंदूरची शिकंजी आली असणार, कारण ती म्हणाली, "दूध जास्त घे, केशर मी आणलंय."

सकाळी आम्ही तिघी मेर्कादो सेंत्रालला गेलो. हा बाजार बघायलाच शहरात यावं. १९२८ साली सुरू झालेली इमारत आहे: लोखंडी कमानी, रंगीत काचा, मधोमध मोठा घुमट. घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पक्षी आहे. आपण वातकुक्कुट म्हणतो, पण इथे कोंबड्याऐवजी पोपट आहे. समोरच रेशीम बाजाराची पंधराव्या शतकातली इमारत आहे, जागतिक वारशाच्या यादीतली. एकेकाळी हे शहर रेशमाच्या व्यापारावर श्रीमंत झालं होतं. तिच्या पिळाच्या खांबांकडे आम्ही पाच मिनिटं पाहिलं. आईचं लक्ष भाजीकडे होतं.

संत्र्यांचा हंगाम सरत आला होता, उशिरा पिकणारी शेवटची संत्री होती. पीच मात्र नुकते सुरू झाले होते, चेरीचे ढीग लागले होते. आईने सवयीने एक पीच उचलून अंगठ्याने दाबून पाहिला, तशी पलीकडची बाई ओरडली. स्पेनच्या बाजारात फळाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो. आज खायचंय की उद्या, एवढं सांगायचं, निवड दुकानदार करतो. आई ओशाळली आणि चिडलीही. "हात न लावता पैसे कसे द्यायचे?" पण त्या बाईने निवडून दिलेले सहाच्या सहा पीच एकसारखे निघाले, हे तिने नंतर मान्य केलं.

मग ताई वाइनच्या गाळ्यापाशी थांबली. तीन बाटल्या रेड वाइन घेतली. बोबाल नावाच्या द्राक्षाची, व्हॅलेन्सियाच्या पश्चिमेला डोंगराळ भागात असलेल्या उतिएल-रेकेना भागातली. ऑक्टोबर २०२४ च्या भयंकर पुरात माग्रो नदी याच उतिएल गावात घुसली होती, माणसं गेली, द्राक्षमळ्यांचंही नुकसान झालं. दुकानदार ते सांगत होता, ताई भाषांतर करत होती. आई ऐकत होती, पण तिची नजर बाटल्यांवर होती.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"सांग्रियाला," ताई म्हणाली. "सांग्रिया वाइनचीच असते, आई."

परतीच्या वाटेवर आई बोलली नाही. इथे सांगायला हवं, आमच्या घरात बाटली कधी आली नाही. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, दारूने गेला. चाळीशीही गाठली नाही त्याने. ताई परदेशी गेल्यापासून व्हिडिओ कॉलवर कधी कधी तिचा हात पटकन काहीतरी बाजूला सरकवायचा. मी पाहिलं होतं. आईने पाहिलं नसेल असं मी धरून चालले होते.

स्वयंपाकघरात आईने पिशवी ओट्यावर ठेवली आणि ताईकडे पाठ करूनच म्हणाली, "मामाचं विसरलीस?"

"विसरले असते तर तुम्ही गेल्यावर केलं असतं ना," ताई म्हणाली. "दोन वर्षं लपवलं. आता कंटाळा आला लपवायचा. मी पार्टीला एक-दोन ग्लास घेते. घरात एकटी कधी घेत नाही. तुला पटणार नाही, पण तुझ्यासमोर असू दे."

फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. ताईने सुरी उचलून संत्रं कापायला घेतलं. हात थरथरत होता की घाई होती कोण जाणे, सालीखालचा पांढरा भाग तसाच राहत होता. आई थोडा वेळ बघत राहिली.

"तो पांढरा भाग ठेवलास तर सगळं कडू होईल," ती म्हणाली. "दे इकडे."

तर आता कृती. आईच्या हातची, ताईच्या सांगण्यावरून आणि मध्येच वर आलेल्या यायाच्या दुरुस्त्यांसह.

एका बाटलीला, म्हणजे ७५० मिलीला, दोन संत्री, एक लिंबू, दोन पीच आणि एक सफरचंद. शिवाय आणखी तीन-चार संत्र्यांचा ताजा रस, साधारण पाव लिटर. दोन मोठे चमचे साखर आणि दालचिनीचा एक तुकडा. साखर आधी रसात विरघळवायची, कारण थंड वाइनमध्ये ती तळाशी बसते. सफरचंद चिरलं की लगेच रसात टाकायचं, काळं पडत नाही. पीच घट्ट हवेत, पिकून मऊ झालेले असतील तर दोन तासांत लगदा होतो. केळं अजिबात नाही. लिंबाच्या चकत्या सालासकट घालायच्या, पण जग रात्रभर ठेवायचा असेल तर त्या काढून टाकायच्या, नाहीतर कडवटपणा उतरतो. मग वाइन ओतायची, झाकायचं आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये. बर्फ आणि गॅसोसा, म्हणजे तिथला हलका गोड सोडा, वाढायच्या क्षणी साधारण अर्धा लिटर. आधी घातलात तर फसफस निघून जाते आणि सगळं पाणचट लागतं. बरेच जण यात ब्रँडी घालतात. आम्ही घातली नाही, आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही.

वाइन साधीच हवी. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी बाटली फळांत बुडवली तर याया तुम्हाला घरातून काढेल. आपल्याकडे करायची झाली तर नाशिकची स्वस्तातली रेड वाइन पुरते. हिमाचल-उत्तराखंडचे पीच उन्हाळ्यात मिळतात, एरवी नागपूरची संत्री, सफरचंद आणि डाळिंबाचे दाणे. मात्र आपापल्या राज्याचा नियम बघा, गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे.

सांग्रिया या नावात 'सांग्रे' म्हणजे रक्त हा शब्द आहे, रंगामुळे. १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनाने ती पाजली आणि अमेरिकेत ती लोकप्रिय झाली. आता युरोपीय संघाच्या नियमानुसार फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेलीच नुसत्या 'सांग्रिया' या नावाने विकता येते. गंमत म्हणजे स्पेनमधले लोक बारमध्ये बसून ती फारशी मागवत नाहीत. ती पर्यटकांची, असं ते म्हणतात. स्वतःसाठी मागवतात तिंतो दे वेरानो, म्हणजे रेड वाइन आणि गोड सोडा, बस्स. सांग्रिया करायची ती घरी, माणसं जमली की. व्हॅलेन्सियाचं स्वतःचं म्हणून एक वेगळंच पेय आहे, आग्वा दे व्हॅलेन्सिया, संत्र्याचा रस आणि फसफसणारी वाइन. नावात नुसतं पाणी असलं तरी त्यात जिन आणि व्होडकाही असते, तेव्हा नावाला फसू नका.

सांग्रियाचंही तसंच आहे, ती गोड लागते म्हणून फसवते. वर दिलेल्या मापाने ती बिअरपेक्षा थोडी जडच होते. आणि फळं वाइन पितात! तळाची फळं लहान मुलांना देऊ नका.

म्हणूनच यायाने दुसरा जग काढला. स्पेनमध्ये मोस्तो मिळतो, न आंबवलेला द्राक्षाचा रस, बारमध्येही सर्रास मागवतात. त्याच फळांची, तीच दालचिनी घातलेली, पण वाइनऐवजी मोस्तोची सांग्रिया. मोस्तो मुळात गोड, म्हणून साखर नाही आणि लिंबू दुप्पट. आपल्याकडे काळ्या द्राक्षांचा रस चालेल. दोन्ही जगांचा रंग जवळजवळ सारखा दिसत होता, तेव्हा आईने मोस्तोच्या जगाच्या कानाला तिच्या पिशवीतला लाल दोरा बांधला. या जगांची चोच चिमटीत धरल्यासारखी असते, त्यामुळे ओतताना फळं आणि बर्फ मागे राहतात. आई म्हणाली, ताकाला असा जग हवा.

गच्चीवर रात्री दहाला ताटं मांडली. तांदळाचा पाएया होता, पण व्हॅलेन्सियाच्या अस्सल पाएयात कोंबडी आणि ससा असतो, त्यामुळे आईसाठी टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. लाल दोऱ्याच्या जगातून आई, मी, दोन नातवंडं आणि गाडी चालवायची म्हणून ताईचा एक सहकारी, एवढे जण प्यायलो. दुसरा जग टेबलाच्या त्या टोकाला होता. मी पाहत होते, आई बोलत होती, हसत होती, आणि ताईच्या ग्लासवर नजर ठेवून होती. एक झाला. दुसरा अर्धा झाला. मग ताईने ग्लासवर पालथा हात ठेवला आणि पाणी मागितलं. तिला आई बघतेय हे ठाऊक होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

याया मात्र तीन ग्लास प्यायली आणि तळातले पीच काट्याने टोचून खात बसली. एक तुकडा तिने आईसमोरही धरला. आईने हात जोडले. यायाने तो स्वतःच्या तोंडात टाकला आणि लाल दोऱ्याच्या जगातून दुसरा काढून दिला.

साडेअकराला आम्ही मालवारोसाच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत जिकडेतिकडे शेकोट्या, धूर, गिटार, पळणारी मुलं. बारा वाजले तसे सगळे पाण्याकडे धावले. किती लाटा ओलांडायच्या यावर एकमत नव्हतं, ताई म्हणाली सात. आई सलवार गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभी राहिली. एका बाजूला याया, दुसऱ्या बाजूला ताई. मोठ्याने मराठीत मोजत होती. चौथ्या लाटेला तोल गेला, तेव्हा तिने ताईचा दंड घट्ट पकडला आणि सात झाल्यावरही सोडला नाही.

"त्या तुझ्या ऑफिसच्या मुली घरी कशा जाणार एवढ्या रात्री?" तिने विचारलं.

"सगळ्या मिळून चालत जाऊ, आई. आधी त्यांना सोडू."

"बरं," आई म्हणाली. "आणि सकाळी ते जग मी घासते. तुझ्या त्या स्पंजाने चोचीतलं निघणार नाही."