निळ्या रंगाचें आयुष्य

रंगांनाही आयुष्य असतें, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें. वडिलांचें एक छायाचित्र आमच्या आईनें आपल्या मोबाईलच्या पडद्यावर लावलें आहे. अंगांत निळा कोट, मागें निळें आकाश. ते गेल्यापासून हा पडदा तिनें रात्रंदिवस उजळता ठेवला. परवां एक पत्र वाचण्यासाठीं चित्र बाजूस सारलें, तों शुभ्र पानावर त्याच आकृतीची पिवळसर सावली दिसली. “अरे, हें पुसून कां जात नाहीं?” आईनें विचारलें, आणि आम्हांस उत्तर शोधणें भाग पडलें.

हा डाग नव्हे, झीज आहे. १९८७ सालीं अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनीच्या तांग व व्हॅन स्लाइक या संशोधकांनीं सेंद्रिय द्रव्यांचे अतिशय पातळ थर एकावर एक देऊन, दहा व्होल्टांहूनही कमी दाबाच्या विजेवर त्यांतून प्रकाश काढून दाखविला. आईच्या मोबाईलचा पडदा त्याच वंशांतला. त्यांतील तांबड्या, हिरव्या व निळ्या कणांपैकीं निळ्याचें काम सर्वांत खडतर. कारण निळ्या प्रकाशास ऊर्जा अधिक लागते, आणि तीच ऊर्जा रेणूचे बंध तोडूं शकते. शिवाय विजेनें चेतविलेल्या दर चार अवस्थांपैकीं सरासरी एकच तत्काळ प्रकाशते. उरलेल्या तीन अंधारांत घुटमळतात. निळा थकला कीं मागें पिवळेपणा उरतो.

येथें बोरॉन उपयोगी पडला. सोन्यास डाख देतांना सोनार जो टाकणखार वापरतो, त्यांतलेंच हें मूलद्रव्य. त्याच्या बाह्य कवचांत तीनच इलेक्ट्रॉन. तीन बंध जोडले तरी एक जागा रिकामी राहते. जपानांत ताकुजी हाताकेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं ही उणीवच कामास लावली. कर्बवलयांच्या ताठ चौकटींत त्यांनीं बोरॉनजवळ नायट्रोजन बसविले. एक इलेक्ट्रॉन ओढणारा, दुसरा देणारा. त्यामुळें अंधारांतल्या अवस्थाही प्रकाशाकडे वळूं लागल्या, आणि निळा इतका निर्भेळ निघाला कीं त्याच्या पट्ट्याची रुंदी सुमारें २८ नॅनोमीटरच भरली. मात्र हें वळणें संथ असतें. आयुष्याचा प्रश्न एवढ्यानें सुटला, असें आम्ही म्हणणार नाहीं.

हें सारें सांगून आम्हीं नव्या मोबाईलची गोष्ट काढली. आई म्हणाली, “निळा टिकेल तेव्हां घे. तोंवर हाच राहूं दे.”

त्या रात्रीं मात्र तिनें प्रथमच पडदा मालवला. निळा कोट अंधारांत गेला. तेवढीच त्याची झीज वांचली.