सड्यावरचे फुरसे

कोकणचा सडा पाहावा तो पाऊस सरता सरता. रत्नागिरीकडच्या त्या जांभ्या दगडाच्या माळावर गवत पिवळे पडू लागते आणि दगडांच्या सांदीत फुरसे दडून असते. जेमतेम हातभर लांब, रंगाने मातकट. शहरी डोळ्यांना ते दिसतच नाही.

"कुत्र्यांना मोकळं सोडू नका हो!" यजमानांनी निघतानाच बजावले होते. मोत्या आणि वाघ्या दोरीला बांधूनच मी निघालो.

मोत्या एकाएकी थबकला. लगेच करवत चालावी तसा खरखराट झाला. वेटोळी एकमेकांवर घासून फुरसे असा इशारा देते. माणूस तो ऐकून मागे सरतो. कुत्रे उलट नाक पुढे करते, म्हणून दंश पुष्कळदा तोंडावरच होतो. मी दोरी ओढली. जरा वेळाने फुरसे तिरके सरपटत सांदीत शिरले.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या 4 सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. पण सड्यावरून दवाखाना दूर असतो. हातातली दोरी त्याहून जवळ!