धनाजी फितूर होते का?

परवा पेणच्या एसटी स्टँडवर एका गृहस्थांनी वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत का? रोह्याला सातवीत तुमच्या वर्गात होतो." नाव काही आठवेना. तेव्हा तोच म्हणाला, "धनाजी जाधव फितूर होते का, असं विचारलं होतं मी. तुम्ही 'परीक्षेला येणार नाही' म्हणून खाली बसवलंत!"

खरं आहे. आम्ही 'संताजी-धनाजी' एका दमात शिकवायचो. मोगलांच्या घोड्यांना पाण्यातसुद्धा हे दोघे दिसत, एवढी गोष्ट सांगितली की वर्ग खूश. पण १६९६ मध्ये हेच दोघे एकमेकांवर चालून गेले, संताजींचं सेनापतिपद धनाजींना मिळालं आणि पुढच्याच वर्षी संताजी आपल्याच माणसाच्या हातून मारले गेले... हे कोण सांगणार?

पुढे १७०७ साल. औरंगजेब मेला, शाहूराजे कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं आणि सेनापती धनाजींना त्यांच्यावर पाठवलं. उभा जन्म मोगलांशी झुंजण्यात गेलेला हा घोडदळाचा सरदार, आणि आता समोर आपलीच माणसं! आपल्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ तेव्हा धनाजींच्या पदरी होते. शाहू खरेच आहेत, हे त्यांनी पटवलं आणि खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना मिळाले. वर्षभरात, १७०८ मध्ये, ते वारले. त्यांचे चिरंजीव चंद्रसेन १७११ मध्ये उलट ताराबाईंकडे गेले. ही भाऊबंदकी मिटायला १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला.

मग फितूर म्हणायचं का? फितूर शत्रूला मिळतो. इथे दोन्हीकडे शिवछत्रपतींचे नातूच होते. धनाजींनी बाजू बदलली, हे खरं. संताजींच्या बाबतीत त्यांचं चुकलं, असंही मला वाटतं. पण फितूर? नाही.

हे सगळं मी त्याला तिथेच बाकावर बसून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तेव्हाच सांगायला हवं होतंत, सर. तुम्ही गप्प बसलात म्हणजे ते फितूरच असणार, असं धरून चाललो मी. चाळीस वर्षं. माझ्या मुलालाही तेच सांगितलं."

तेवढ्यात रोह्याची गाडी लागली. तो गेला. मी मात्र बराच वेळ बाकावर बसून होतो.