गाडी परत गेल्यावर मागे कोण राहतो?

अत्याचाराची बातमी आली की नागपुरातून आपण गाड्या भरून निघतो. जायलाच हवे. पण संध्याकाळी गाड्या परतल्यावर त्या घरात मागे कोण राहतो?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना ठार मारले. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची तपासणी नीट झालीच नाही. मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन करावे लागले. आंदोलन पेटले, त्याच्या दबावानेच तपास सीबीआयकडे गेला. तरी २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरताना ना ॲट्रॉसिटी मानली, ना विनयभंग. पहिल्या दिवसांत निसटलेले मोर्चाने परत आणता येत नाही.

म्हणून अशा वेळी धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यात मी आधी धाडस शोधत नाही. ते आपल्याकडे भरपूर आहे. गप्प बसून ऐकता येते का, ते बघतो. काल लेक गमावलेल्या बाईला चार संघटना चार वेळा तीच हकिकत सांगायला लावतात. एकाने ऐकावे, तिच्याच शब्दांत लिहावे. बाकीच्यांनी पाणी भरावे, लेकरांना जेवू घालावे. (हे काम आपल्या बायाच करतात आणि फोटोत त्याच नसतात.)

मग ठाणे. एफआयआरची प्रत मोफत मिळणे हा हक्क आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ पीडितांना सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्क देते. ठाणेदाराने 'तुम्ही कोण?' विचारले की आवाज न चढवता हे सांगता आले पाहिजे. ॲट्रॉसिटीची कलमे लागली का? तपास उपअधीक्षकाकडे गेला का? वैद्यकीय तपासणी आजच होते का? अंगावरचे कपडे धुतले तर नाहीत? एम.ए.ला मी जातीची रचना शिकलो. हे प्रश्न ठाण्याच्या बाकावर शिकलो.

आणि 'माघार घेऊ नका' हे नागपुरात बसून म्हणणे सोपे आहे. मजुरी त्यांना उद्या त्याच गावात मागायची असते. ठरवायचे त्यांनी, आपण प्रत्येक वाटेची किंमत खरी सांगायची.

भैय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले. प्रकरण तेव्हाही सर्वोच्च न्यायालयात पडून होते. हत्याकांडापासून दहा वर्षांहून जास्त काळ गेला होता. तेवढ्या तारखांना सोबत जाणारे आपल्या शाखेत किती जण आहेत, हे येत्या बैठकीत नावांनिशी विचारा.