पिंगळा की रानपिंगळा?

पक्षी बघणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं आमच्या होस्टेलवरचं सर्वसाधारण मत. सबमिशनच्या आठवड्यात गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्या प्राण्याला मेसमध्ये काय काय ऐकावं लागतं, ते इथे छापण्यासारखं नाही. त्यातून पक्षी कोणता, तर घुबड! "अरे, ते तर रेक्टर ऑफिसच्या मागच्या झाडावरपण बसतं!" बसतं, हे खरंय. पण तो साधा पिंगळा. मी सांगतोय ती गोष्ट रानपिंगळ्याची, आणि या दोघांतला फरक सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी थोडा इतिहास. बोअर होणार नाही, कारण यात चोरीसुद्धा आहे.

१८७२ मध्ये ब्ल्युइट नावाच्या साहेबाला आजच्या छत्तीसगडात हे घुबड मिळालं. पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचं वर्णन करून ब्ल्युइटचंच नाव त्याला दिलं. (हा ह्यूम तोच, काँग्रेसच्या स्थापनेतला. लोक किती उद्योग करायचे!) त्यानंतर आपल्या खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी गायब. मग कर्नल माइनर्ट्झहागेन हे बडं प्रस्थ म्हणालं, की मी १९१४ साली गुजरातेत एक मारला. पुरावा म्हणून पेंढा भरलेला पक्षी, त्याला लेबल, सगळं व्यवस्थित. लोकांनी विश्वास ठेवला. पुढे पामेला रासमुसेन या बाईंनी जुने नमुने तपासले तेव्हा कळलं, की तो पक्षी डेव्हिडसननेच गोळा केलेला होता. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश म्युझियममधून उचलला, परत शिवला आणि नवं लेबल लावलं! म्हणजे कॉपी करून वर सबमिशनवर स्वतःचं नाव. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही.

पण एका खोट्या लेबलाने काय होतं बघा. त्या नोंदीवर विसंबून कोणी शोधायला निघालं, तर ते चुकीच्या जागी शोधणार. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. जिवंत, उजेडात बसलेला. तब्बल ११३ वर्षांनी! (तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ चा.) नंतर तो मेळघाटातही सापडला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात दिसला.

आता आमची गोष्ट. डिसेंबरात मी आणि माझा पार्टनर मेळघाटात गेलो. परतवाड्याहून एस.टी., पुढे बराच वेळ हाडं खिळखिळी. सोबत एक वनरक्षक काका होते, कोरकू, बोलणं मोजकं. सकाळी साडेआठच्या सुमारास ते थांबले आणि नुसती हनुवटी वर केली. सागाच्या सुक्या फांदीवर एक गुबगुबीत घुबड ऊन खात बसलं होतं.

पार्टनर लगेच पुस्तक काढायला लागला. मी त्याला थांबवलं. हा नियम मला एका सिनियरने शिकवलाय. आधी वही, मग पुस्तक. पुस्तकातलं चित्र एकदा डोळ्यांत बसलं, की समोरच्या पक्ष्यावर तेच दिसायला लागतं. पास झालेल्याचं जर्नल बघून रीडिंग लिहिताना होतं, तसंच.

तर वहीत लिहिलं: डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असले तर अगदी पुसट. (साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्वच्छ दिसतात.) छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. दोनदा शेपूट झटकन डावी-उजवीकडे हलवली. पाय: फांदीआड, दिसले नाहीत. वेळ चार मिनिटं. मग ते उडालं.

पायांचीच नेमकी गंमत आहे. रानपिंगळ्याचे पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि चांगले दणकट असतात. ते दिसले असते तर प्रश्नच मिटला असता. मोबाइलवर फोटो आला तो असा, की फांदीवर एक तपकिरी गाठ, तीपण हललेली.

भांडण झालं ते परतीच्या एस.टी.त. पार्टनरचं म्हणणं, पेपरात देऊ. 'इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना आढळला दुर्मिळ रानपिंगळा', खाली जागेचं नाव. ग्रुपवर नकाशासकट टाकायचं तर त्याचं टाइप करूनही झालं होतं. मी म्हटलं, पाय बघितले नाहीत, तर 'आढळला' कसं लिहायचं? "अबे, पाचातल्या चार खुणा जुळल्या. ऐंशी टक्के! डिस्टिंक्शन आहे हे!"

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. २०१८ पर्यंत हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत होता, आता संकटग्रस्त म्हणतात. अशा पक्ष्याची खरी नोंद दाबून ठेवणं हाही गुन्हाच. नोंदच नसेल, तर त्या झाडांसाठी भांडणार कोण? पण निघताना काका एकच वाक्य बोलले होते, "भाऊ, हापिसात सांगा, पन जागा कोनाले सांगू नोका." कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. घुबडं जादूटोण्यासाठी पकडून विकली जातात, हे आपल्याला माहीतच आहे. शिवाय फोटोसाठी मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला हैराण करणारे हौशी लोक वेगळेच.

शेवटी मी वनपरिक्षेत्र कार्यालयाला पत्र लिहिलं. वहीतलं वर्णन जसंच्या तसं, तारीख, वेळ, अंतर, उजेड कुठून होता ते, आणि पाय दिसले नाहीत हेसुद्धा. वर 'संभाव्य' हा शब्द. जागा फक्त त्याच पत्रात. पार्टनरने सही केली, पण तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. 'संभाव्य' शब्दाने बातमी मरते, असं त्याचं मत होतं. मरतेच.

जानेवारीत, व्हायवाच्या आदल्या रात्री, काकांचा फोन आला. ऑफिसातले एक साहेब मोठी लेन्स घेऊन त्याच ओढ्याला दोन सकाळ बसले होते. "तोच हाय भाऊ. पायाले पांढरं हाय. अन् एक नाय, दोन हायेत!"

मी फोन स्पीकरवर टाकला. पार्टनर कॉटवरून उठला, काकांना पुन्हा एकदा "दोन?" असं विचारलं, आणि माझ्या पाठीत असा दणका घातला की व्हायवाला मी वाकूनच बसलो होतो.

आता आपल्या अंकाचे संपादक म्हणतात, लेखासोबत फोटो आणि जागेचं नाव पाहिजे. फोटो म्हणून ती गाठ देऊन ठेवली आहे. जागा: मेळघाट. याहून जास्त विचारू नये.