फियाटची वही

वांद्रे पूर्वेच्या आमच्या सरकारी वसाहतीत त्या काळी गाड्या मोजक्याच. नव्या फियाटसाठी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं वाट पाहायची, म्हणून अण्णांनी सेकंडहँड घेतली. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे मिठी नदीपलीकडची, तशी आमची शेजारीणच. पुढे या गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण वसाहतीत सगळे फियाटच म्हणत राहिले.

गाडीमागोमाग घरात लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आली. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर, केलेलं काम, बदललेला पार्ट आणि पैसे. गॅरेजची कच्ची चिठ्ठी तिथेच टाचणीने लावलेली. उजवं पान कोरं ठेवायचं आणि पुढच्या काही दिवसांत गाडी कशी चालली ते त्यावर लिहायचं. ‘पॉइंट साफ केले. सकाळी चोक न ओढता सुरू.’ ‘ब्रेक आवळले. माहीम कॉजवेपर्यंत पुढचं डावं चाक तापलं. सैल करून घेणे.’ वहीचं खरं मोल या उजव्या पानांत होतं. काम केलं हे मिस्त्री सांगणार. ते झालं की नाही, हे गाडीच सांगणार.

एकदा ट्युनिंग करून आणलेली गाडी खेरवाडीच्या सिग्नलला थरथरायला लागली. मिसिंग मारत होती, पिकअप गेला होता, सायलेन्सर फाडफाड वाजत होता. अण्णा वही काखेत मारून गॅरेजवर गेले, मीही सोबत. मिस्त्री म्हणाले, ‘‘कार्बोरेटर खोलावा लागेल, साहेब.’’ अण्णांनी पान उघडलं. ‘‘मिस्त्री, तुमच्याकडे आणली तेव्हा मिसिंग नव्हतं. काल प्लग साफ झालेत. आधी तेवढंच बघू या.’’

फियाटची फायरिंग ऑर्डर, 1-3-4-2, वहीच्या पहिल्याच पानावर होती. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीपासून एकेक वायर चिमटीत धरून प्लगपर्यंत नेली. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. लावल्या होत्या हाताखालच्या पोऱ्याने. तो बिचारा पाना हातात धरून गप्प उभा. मिस्त्रींनी त्याला जवळ बोलावलं, वायरी पुन्हा काढल्या आणि त्याच्याकडूनच लावून घेतल्या. ‘‘चूक आमची, साहेब,’’ म्हणाले आणि पैशांना हात लावला नाही. त्या दिवशीचं उजवं पान असं: ‘वायरी उलट. दुरुस्त. मिस्त्री सरळ माणूस.’ त्यानंतर अण्णांनी गॅरेज बदललं नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी फुगली आणि आमच्या फियाटच्या सीटपर्यंत पाणी चढलं. पाणी ओसरताच अनेकांनी घाईने सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. असे कितीतरी रॉड त्या आठवड्यात वाकले. अण्णांनी किल्लीला हातच लावू दिला नाही. आम्ही पोरांनी गाडी ढकलत गॅरेजवर नेली. मिस्त्रींचे केस तोवर पांढरे झाले होते. त्यांनी चारही प्लग काढले, दुधाळ झालेलं ऑइल सोडलं, हँडल घालून इंजिन सावकाश फिरवलं. पाणी प्लगच्या भोकांतून उसळून बाहेर आलं. गाडी वाचली. अण्णांनी वहीत सगळं सविस्तर लिहिलं आणि त्या पानाखाली मिस्त्रींची सही घेतली. तशी सही साऱ्या वहीत ती एकच.

पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. आता सर्व्हिस सेंटरचं छापील बिल मिळतं, मोबाइलवर मेसेज येतो. डावं पान भरायला माणसं आहेत. उजवं पान तेवढं तुम्ही लिहा. गाडी गॅरेजमधून आली की पहिले काही दिवस ती कशी चालते, ते किलोमीटरसकट टिपून ठेवा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि काम चोख निघालं, तर मिस्त्रीच्या नावासह तेही लिहा.