सासूबाईंचा चहा

‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हटलं की पुष्कळांना वाटतं, आजाऱ्याला काहीतरी उद्योग शिकवून पोटापाण्याला लावायचं. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात, त्यानं घोटाळा आणखीच वाढतो! पण इथं व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. वेणी घालणं, भाजी निवडणं, देवपूजासुद्धा. आपल्याकडे या शास्त्राचा पाया घातला कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नानं इथल्या झालेल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी याचं शिक्षण सुरू केलं.

माझा याच्याशी संबंध आला सासूबाईंमुळे. अर्धांगवायूनं त्यांचा डावा हात लुळा पडला, पाय ओढू लागला. थेरपिस्टबाई घरी आल्या तेव्हा आमचे हे लगेच म्हणाले, “आई कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालली पाहिजे.” बाईंनी ते ऐकून घेतलं नि सासूबाईंना विचारलं, “आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?”

“पहाटेचा माझा चहा. कुणी उठायच्या आत.”

बाईंनी दहापैकी गुण द्यायला सांगितलं. कॅनडातल्या थेरपिस्टांनी बसवलेली ही रीत. ते काम किती महत्त्वाचं, आज कितपत जमतं, त्यावर समाधान किती, असे तीन आकडे. चहाचं महत्त्व दहा, जमणं दोन, समाधान एक. मारुतीला मिळाले चार! ह्यांचा चेहरा पडला, पण बाईंनी वहीत पहिला चहाच लिहिला.

मग चहाचे तुकडे पाडले. डबे फळीवरून ओट्यावर आले, फिरकीच्या झाकणांऐवजी दाबून बसणारी झाकणं आली. पातेलं सरकू नये म्हणून तयारी करताना खाली ओलं फडकं. भरलं पातेलं उचलायचंच नाही, गॅस बंद करून पळीनं कपात घालायचं. डाव्या हातानं नुसता कप धरायचा. सुरुवातीला गॅसजवळ मी उभी.

नातेवाईक बायकांना हे कुठलं पटायला! “घरात सून असून म्हातारीला चुलीशी उभं करतेस?” असं तोंडावर ऐकलं. वाईट वाटलं. पण आजाऱ्याच्या हातातलं सगळं काढून घेणं म्हणजेच सेवा, हे मला तरी पटत नाही. एकदा मीच विचारलं, “आई, चहाच का हो?” म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हापासून तेवढाच वेळ माझा होता गं.”

दोन महिन्यांनी पुन्हा आकडे घेतले. जमणं सहा, समाधान आठ. दोन गुण वाढले तरी फरक पडला असं मानतात म्हणे. सासूबाईंनी लगोलग यादीत नवं कलम घातलं: एस.टी.नं माहेरी जाऊन यायचं. बाई म्हणाल्या, त्यासाठी पायऱ्या चढायला हव्यात, रोज चालायला हवं.

“मग मारुतीपर्यंत जाते की!” सासूबाई म्हणाल्या.